खांद्याचे दुखणे पुन्हा पुन्हा उलटते तेव्हा

वेदनाशामक गोळी घेतली की खांदा दोन-तीन दिवस शांत राहतो, हात पुन्हा वर जाऊ लागतो, आणि आठवड्याभरात एखाद्या पहाटे कूस बदलताना तीच कळ खांद्यातून दंडात उतरते. हा अनुभव ज्यांना वारंवार येतो त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझा उजवा खांदा दोन वर्षांत तीनदा असाच उलटला. पहिल्या दोन्ही वेळी मी औषधाला दोष दिला. गोळी बदलली, मलम बदलले, शेकण्याची पिशवी नवी घेतली. तिसऱ्या वेळी लक्षात आले की औषध आपले काम चोख करत होते, आणि त्याने मोकळे करून दिलेले सहा-आठ तास मीच चुकीच्या कामाला लावत होतो. दुखणे थांबले की त्याच हाताने राहिलेली कामे उरकायची आणि दुखू लागले की हात छातीशी धरून बसायचे, असे माझे चालले होते. या दोन्हींच्या ओढाताणीत खांद्याला बरे होण्याची सवडच मिळत नव्हती.

घरी काही करण्याआधी, हे दुखणे घरी हाताळण्याजोगे आहे का, हे ठरवावे लागते. खांद्यात जाणवणारी प्रत्येक कळ खांद्यातलीच असते असे नाही. खांदा, विशेषतः डावा, दुखत असताना छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ किंवा जबड्यापर्यंत जाणारी वेदना असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी गोळी किंवा मलमात वेळ न घालवता रुग्णवाहिका बोलवावी. पित्ताशयाच्या दुखण्याची कळ उजव्या खांद्यात किंवा पात्याखाली उमटते, कारण पित्ताशयाच्या वर, छाती आणि पोट यांच्या मध्ये असलेल्या श्वासपटलाची संवेदना वाहणाऱ्या नसा मानेतल्या ज्या मणक्यांमधून निघतात, तिथूनच खांद्याच्या त्वचेच्या नसाही निघतात. पडल्यानंतर किंवा जोराचा हिसका बसल्यानंतर खांद्याचा आकार बदललेला दिसणे, हात अचानक उचलताच न येणे, हात बधिर होणे किंवा त्यातील शक्ती जाणे, खांदा लाल व गरम होऊन ताप येणे, कारण नसताना वजन घटणे, ही सर्व लक्षणे थेट डॉक्टरांकडे जाण्याची आहेत. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे सकाळी तासभर आखडत असतील तर तेही दाखवावे, आणि त्याबरोबर कानशिलाची डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टीत फरक असेल तर त्याच दिवशी दाखवावे, कारण त्यात डोळ्याला धोका असतो.

यांपैकी काही नसेल, तर पुढचा प्रश्न असा की खांद्यातले नेमके काय दुखते आहे. खांद्याचा सांधा शरीरातील सर्वांत मोकळेपणाने फिरणारा सांधा आहे, आणि या मोकळेपणाची किंमत त्याला स्थैर्यात मोजावी लागते. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा एका उथळ खोबणीवर टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे मुख्य काम रोटेटर कफ नावाच्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट पट्टे, करतात. यांपैकी वरची कंडरा पात्याच्या हाडाच्या पुढे आलेल्या टोकाखालून जाते. हाड आणि कंडरा यांच्या मध्ये बर्सा नावाची पातळ, द्रव असलेली पिशवी असते. हात वारंवार डोक्यावर नेला, किंवा बराच काळ न वापरलेल्या हातावर अचानक भार आला, की ही कंडरा आणि ही पिशवी चिडते. गंमत वाटावी अशी गोष्ट ही की अशी वेदना खांद्याच्या माथ्यावर कमी आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला जास्त जाणवते, त्यामुळे अनेक जण मलम चोळतात ते दंडाला.

घरच्या घरी तीन गोष्टी पाहता येतात. हात शरीराच्या बाजूने हळूहळू वर न्यावा. सुरुवातीला काही नाही, साधारण ६० ते १२० अंशांच्या मधल्या टप्प्यात चमक, आणि हात पूर्ण वर गेल्यावर पुन्हा सुटल्यासारखे वाटणे, असा क्रम असेल तर रोटेटर कफच्या कंडरेकडे किंवा बर्साकडे संशय जातो. दुसरी गोष्ट: दोन्ही कोपर बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवावेत आणि दाराच्या दोन झडपा उघडाव्यात तसे दोन्ही हात बाहेरच्या दिशेने फिरवावेत. दुखरा हात चांगल्या हाताच्या निम्म्यावर अडत असेल, आणि दुसऱ्याने हलकेच फिरवून पाहिला तरी पुढे जात नसेल, तर तो आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोजन शोल्डर असण्याची शक्यता मोठी आहे. हा त्रास बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो, मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असणाऱ्यांत अधिक आढळतो, आणि त्याला पूर्ण मोकळे व्हायला एक ते तीन वर्षेही लागू शकतात. त्यामुळे नुसत्या गोळ्यांवर महिने काढण्याऐवजी त्याचे निदान लवकर करून घेणे हिताचे. तिसरी गोष्ट मानेची. मान वळवल्याने किंवा मागे झुकवल्याने कळ वाढत असेल, ती कोपराच्या खाली उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर दुखण्याचे मूळ मानेच्या मणक्यात असण्याचा संभव अधिक, आणि खांद्यावर लावलेल्या मलमाचा तिथे उपयोग होणार नाही.

आता औषधांकडे. पॅरासिटामॉल वेदना कमी करते, सूज कमी करत नाही. निरोगी प्रौढ व्यक्तीने एका वेळी ५०० ते १००० मिलीग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि २४ तासांत ४००० मिलीग्रॅमच्या आत, ही त्याची मर्यादा आहे. वजन कमी असलेल्यांनी, यकृताचा त्रास असलेल्यांनी आणि नियमित मद्य घेणाऱ्यांनी याहून बरेच खाली राहावे आणि किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो, कारण ती सहज होते. खांद्यासाठी दिवसाला तीन वेळा पॅरासिटामॉल चालू असताना मला सर्दी झाली आणि मी सर्दी-तापाची गोळी सुरू केली. चौथ्या दिवशी वेष्टनाची मागची बाजू उजेडात धरून बारीक अक्षरे वाचली, तेव्हा तीतही प्रत्येक गोळीत ५०० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल होते. यकृताला होणारी इजा सुरुवातीचा दिवसभर काहीच जाणवू देत नाही, म्हणून नाव वेगळे असले तरी आतला घटक वाचल्याशिवाय दोन गोळ्या एकत्र घेऊ नयेत.

आयबुप्रोफेन वेदनेबरोबर सूजही कमी करते. २०० ते ४०० मिलीग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने, पोटात काही असताना, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना २४ तासांत १२०० मिलीग्रॅमपेक्षा जास्त नाही, असा त्याचा साधारण नेम आहे. परंतु ज्यांना जठरव्रण झाला होता, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, जे रक्त पातळ करणारी औषधे, रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा लघवी वाढवणारी औषधे घेतात, ज्यांचा दमा अशा गोळ्यांनी बळावतो, त्यांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. गरोदरपणात २० व्या आठवड्यानंतर ते टाळतात, आणि त्याआधीही विचारूनच घ्यावे. हृदयासाठी रोज अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: आयबुप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या संरक्षक कामात अडथळा आणू शकते, म्हणून दोन्ही एकत्र चालवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक ही सर्व एकाच घराण्यातली औषधे आहेत. एकाने भागले नाही म्हणून वर दुसरी घेतल्यास वेदना फारशी कमी होत नाही, पोट आणि मूत्रपिंड यांवरचा भार मात्र दुप्पट होतो. पॅरासिटामॉल वेगळ्या मार्गाने काम करत असल्यामुळे गरज पडल्यास त्याची जोड यांपैकी एकाला देता येते.

वरून लावायच्या औषधांविषयी बाजारात आशा फार दाखवली जाते, म्हणून थोडे थांबून लिहितो. डायक्लोफेनॅक जेल लावल्यावर रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे पोटाला धोका कमी, हा त्याचा खरा लाभ. मात्र त्याचा चांगला परिणाम त्वचेला लगत असलेल्या सांध्यांवर दिसून आला आहे. अमेरिकेत २०२० मध्ये १ टक्का तीव्रतेचे जेल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मान्यता मिळाली ती हात, मनगट, कोपर, पाऊल, घोटा आणि गुडघा यांच्या संधिवातासाठी. त्या यादीत खांदा नव्हता. खांद्याच्या कंडरा डेल्टॉइड या जाड स्नायूखाली दडलेल्या असतात, आणि तिथपर्यंत पुरेसे औषध झिरपेल याची खात्री देता येत नाही. तरीही सडपातळ शरीराच्या व्यक्तीला, किंवा ज्यांना गोळी चालत नाही अशांना, वेष्टनावर दिलेल्या मापाने आणि तितक्याच वेळा आठवडाभर लावून पाहायला हरकत नाही. त्यावर घट्ट पट्टी बांधू नये, शेक देऊ नये, लावून झाल्यावर हात धुवावेत, आणि त्याच घराण्यातली गोळी सोबत चालू ठेवू नये.

मेंथॉल, कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट असलेली मलमे वेगळ्या रीतीने काम करतात. ती त्वचेला गार किंवा ऊन अशी तीव्र जाणीव देतात आणि त्या गडबडीत खालची वेदना मेंदूला काही काळ कमी जाणवते. आतली सूज त्यांनी उतरत नाही, तरी झोप लागण्यापुरता किंवा व्यायामाला सुरुवात करण्यापुरता आधार मिळतो, आणि तो मोलाचा असतो. यांवर गरम पिशवी मात्र कधीही ठेवू नये. अशी मलमे व पट्ट्या वापरणाऱ्यांच्या त्वचेवर क्वचित प्रसंगी खोल भाजल्याच्या जखमा झाल्याची सूचना अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये दिली होती. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी मिथाइल सॅलिसिलेटचे मलम मोठ्या भागावर वारंवार चोळू नये, कारण त्वचेतून शोषले जाऊन ते रक्तस्रावाचा धोका वाढवते. मिरचीतील कॅप्सायसिन असलेल्या मलमाचा गुण यायला रोज तीन-चार वेळा लावून एक-दोन आठवडे जावे लागतात. दोन दिवस लावून सोडून दिल्यास आग तेवढी पदरात पडते. ते लावल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांजवळ नेऊ नयेत. जिथे त्वचा बधिर करणाऱ्या लिडोकेनच्या ४ टक्के तीव्रतेच्या पट्ट्या चिठ्ठीशिवाय मिळतात, तिथे त्या वरवरच्या ठणक्यासाठी वापरता येतात, पण तुटलेल्या त्वचेवर किंवा शेकाबरोबर नाही.

गार की गरम, हा वाद जितका रंगतो तितका तो गुंतागुंतीचा नाही. नुकताच हिसका बसला असेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे. जुन्या आखडलेपणाला हालचालीच्या आधी तेवढाच वेळ कोमट शेक. ज्याने बरे वाटते ते चालू ठेवावे, फक्त शेकाची पिशवी अंगाखाली घेऊन झोपी जाऊ नये.

रात्रीचा प्रश्न मात्र बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण बहुतेकांचे दुखणे तिथेच उलटते. दुखऱ्या कुशीवर झोपल्यास सगळ्या धडाचा भार त्या खांद्यावर येतो, हे कुणालाही समजते. लक्षात येत नाही ते हे की चांगल्या कुशीवर झोपल्यावरही दुखरा हात पुढे छातीवरून खाली लोंबतो आणि खांद्याच्या मागच्या कंडरा रात्रभर ताणलेल्या राहतात. मी छातीशी एक जाड उशी धरून तिच्यावर दुखऱ्या हाताचा कोपर ते मनगट हा सगळा भाग टेकवू लागलो, आणि चार रात्रींत पहाटेची कळ निम्म्यावर आली. पाठीवर झोपणाऱ्यांनी कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा, म्हणजे कोपर खांद्याच्या मागे घसरत नाही. हात डोक्याखाली घेऊन झोपण्याची सवय असेल तर ती काही आठवडे मोडावी लागते, आणि पालथे झोपणेही.

आता त्या सहा-आठ तासांविषयी, ज्यांच्यासाठी हे सगळे लिहिले. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने वेदना उतरू लागते. हा वेळ खांद्याला हलके हलवण्यासाठी राखून ठेवावा. चांगला हात टेबलावर टेकवून कमरेतून पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा, आणि शरीर किंचित डोलवून त्या हाताचे लहान-लहान फेरे होऊ द्यावेत. हात स्वतः फिरवायचा नसतो. घड्याळाच्या लंबकासारखा तो आपल्या वजनाने फिरला पाहिजे, म्हणजे चिडलेल्या कंडरेवर ताण न येता सांधा मोकळा होतो. दिवसातून दोन-तीन वेळा, मिनिट-दोन मिनिटे पुरे. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. ठणका उतरू लागला की भिंतीचा आधार घ्यावा. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंतीवर हात चढवत न्यावा आणि कळ सुरू होते तिथे थांबावे. त्यानंतर भिंतीला खांद्याची बाजू करून उभे राहावे, कोपर काटकोनात वाकवून बरगडीशी ठेवावा आणि मनगटाची मागची बाजू भिंतीवर बेताच्या जोराने दाबून पाच ते दहा सेकंद धरावी. हात हलत नाही, तरी कंडरेला काम मिळते. असे पाच-दहा वेळा.

व्यायाम करताना किती दुखलेले चालते, हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळत असे. दहापैकी तीन-चारपर्यंतची वेदना, जी थांबल्यावर उतरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेली नसते, ती चालते. सकाळी खांदा आदल्या दिवसापेक्षा अधिक ठणकत असेल तर फेरे आणि जोर कमी करावेत. व्यायाम मुळीच सोडू नये. झोळीत हात अडकवून आठवडा काढण्याचा मोह टाळावा. हाड मोडलेले नसताना सांधा असा बांधून ठेवला तर तो आखडतो आणि मूळ दुखण्यावर दुसरे दुखणे चढते. आणि गोळीचा असर असतानाच उंच फळीवरचे सामान काढणे, खिडक्या पुसणे, जड पिशवी लांब धरून उचलणे ही कामे करू नयेत, कारण थांब म्हणून सांगणारी वेदनाच त्या वेळी झोपलेली असते. माझे दुखणे दुसऱ्यांदा उलटले ते छताला रंग देताना, आणि त्या दिवशी मला सकाळपासून काहीच दुखत नव्हते.

दुखणे थांबल्यावरही कंडरेला पुन्हा बळ यायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. दुखणे पुन्हा उलटण्याचे कारण बहुतेक वेळा या मधल्या काळात सापडते: वेदना गेली म्हणून दहाव्या दिवशी व्यायाम बंद होतो आणि पूर्वीचा भार मात्र पूर्ण सुरू होतो. या काळात वापरातल्या वस्तू खांद्याच्या उंचीच्या खाली आणाव्यात, संगणकाचा माऊस कोपर शरीराशी राहील इतका जवळ घ्यावा, वजन उचलायचे तर कोपर वाकवून अंगाशी धरून उचलावे. पिशवी नेहमी एकाच खांद्यावर अडकवण्याची सवय असेल तर तीही तपासावी.

चिठ्ठीशिवाय घेतलेली वेदनाशामक गोळी सलग दहा दिवसांच्या पुढे नेऊ नये. त्या मर्यादेत औषध घेऊन आणि दोन आठवडे झोपण्याची पद्धत व हालचाल नीट सांभाळूनही फरक पडत नसेल, रात्रीची झोप रोज मोडत असेल, किंवा दोन-तीन महिन्यांत दुखणे पुन्हा उलटले असेल, तर तपासणी करून घ्यावी. जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: कोणत्या हालचालीला कळ येते, हात कुठपर्यंत जातो, रात्री कितीदा जाग येते, आणि कोणते औषध किती मिलीग्रॅम किती दिवस घेतले. मी तिसऱ्या वेळी असा कागद नेला होता. डॉक्टरांनी तो वाचला, दोन्ही हात बाहेर फिरवून पाहिले, सोनोग्राफीची गरज नसल्याचे सांगितले आणि फिजिओथेरपिस्टकडे बारा आठवड्यांसाठी पाठवले.